फी भरण्याआधी एक शिपमेंट समजून घ्या

प्रश्न : मुलगा टीवाय बी.कॉम.ला आहे. त्याला एक्स्पोर्ट-शिपिंगमध्ये नोकरी करायची आहे. एक क्लास सहा महिन्यांचे ४०,००० रुपये मागतोय. भरावेत का? – एक पालक, चिंचवड

उत्तर : ताई, एवढ्यात भरू नका. फ्रेट फॉरवर्डरकडे (माल पाठवण्याची व्यवस्था करणारी कंपनी) किंवा कस्टम्स ब्रोकरकडे (कस्टम्सचं काम करून देणारा; बाजारात त्याला अजून ‘सीएचए’ म्हणतात) नव्या मुलाच्या हातात कागद येतात. ते कागद एकमेकांशी जुळवणं हीच पहिल्या वर्षाची नोकरी. तेवढं मुलाला घरबसल्या शिकता येईल.

चाकणहून निघालेला एक कंटेनर डोळ्यांसमोर ठेवायला सांगा. कारखाना इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट देतो. त्यावरून सीएचए आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज भरतो. कस्टम्सची तपासणी झाली की ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ मिळते, म्हणजे माल देशाबाहेर न्यायला परवानगी. न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढला की शिपिंग लाइन (जहाज कंपनी) बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल मिळाल्याची पावती देते. खरेदीदाराचं नाव, पेट्यांची संख्या, वजन, आठ आकडी एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) हे सगळं या कागदांवर तंतोतंत जुळायला हवं. व्यवहार एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर नावातल्या एका अक्षरावरूनही बँक पैसे अडवू शकते.

यात नवी मुलं हमखास चुकतात ती व्हीजीएममध्ये, म्हणजे कंटेनरच्या पडताळलेल्या एकूण वजनात. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर घेत नाहीत. पॅकिंग लिस्टवर फक्त मालाचं वजन असतं. रिकाम्या २० फुटी कंटेनरचे साधारण २,२०० किलो त्यात मिळवायचे राहून जातात. (नेमका आकडा कंटेनरच्या दारावर छापलेला असतो.) दुरुस्ती होईपर्यंत कटऑफ (जहाजासाठीची शेवटची मुदत) टळतो आणि कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर अडकला तरी गत तीच, म्हणून गाडी एक दिवस आधी काढलेली बरी.

आता थोडं गणित. ६० × ४० × ५० सेंमीची, १५ किलोची एक पेटी, अशा २० पेट्या. घनफळ २.४ घनमीटर, वजन ३०० किलो. समुद्रमार्गे एलसीएलमध्ये (अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये) १ घनमीटर किंवा १ टन यांत जे जास्त भरेल त्यावर भाडं, म्हणजे इथे २.४ वर. विमानाने पाठवायचं तर सेंटिमीटरमधल्या घनफळाला ६,००० ने भागायचं : पेटीमागे २० किलो, एकूण ४००. भाडं ४०० किलोचं. मालाचं वजन ३०० किलोच असताना असं का, हे ग्राहकाला फोनवर नीट समजावता आलं पाहिजे.

इन्कोटर्म्स २०२० मध्ये (खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची, हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) ११ अटी आहेत. सुरुवातीला एफओबी (विक्रेत्याची जबाबदारी माल जहाजावर चढेपर्यंत), एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत) आणि सीआयएफ पुरे. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विक्रेता भरतो, पण माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. मुलाखतीत इथेच विकेट पडते. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए योग्य, तरी सवयीने सगळे एफओबीच लिहितात.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा. तो नसेल तर परदेशी बंदरात माल अडकतो.

परीक्षा संपताच तळेगाव, दिघीच्या आयसीडीजवळच्या (बंदरापासून दूर, कस्टम्सची सोय असलेले कंटेनर डेपो) कार्यालयांत डॉक्युमेंटेशनसाठी अर्ज करू दे. एक्सेल पक्कं हवं. ब्रोकरकडे लागला तर काही काळाने कस्टम्सची जी-कार्डची (ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला मिळणारं ओळखपत्र) परीक्षा द्यावी. क्लासचं त्यानंतर बघता येईल.