दोन्ही चाव्या हरवल्या, आता शोरूम की चावीवाला?

प्रश्न असा आहे: २०१६ची पेट्रोल स्विफ्ट. एक चावी आधीच गेली होती, उरलेली आता प्रवासात हरवली. शोरूम म्हणतं लॉकसेट (गाडीची सगळी कुलपं) आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही बदला. चावीवाला म्हणतो, पार्किंगमध्ये येऊन तासाभरात करून देतो. कुणाचं ऐकावं?

दोघंही अर्धंच सांगतायत. चावीत तीन वेगळ्या वस्तू असतात: कुलूप फिरवणारं पातं, इमोबिलायझरची (अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची) चिप आणि दारांचा रिमोट. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची कॉइल असते, तिच्यातूनच चिपला वीज मिळते आणि चिप आपला कोड पाठवते. तो जुळला तरच ईसीएम इंजिन चालू ठेवतो. म्हणून नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडेल, स्टार्टरही फिरेल, पण इंजिन एक तर पेटणार नाही किंवा पेटून एक-दोन सेकंदांत बंद पडेल आणि मीटरवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहील. उलट रिमोटचा सेल संपला तर फक्त बटणाने दारं उघडत नाहीत. चावी फिरवून गाडी नेहमीसारखी सुरू होते.

यावरून कळेल की ईसीएम चांगला असेल तर तो बदलण्याचं सहसा कारण नसतं. नव्या चिपची नोंद स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडी तपासायचं मशीन जोडायची जागा) करता येते. एकही चालू चावी नसेल तर चॅसी नंबरावरून मिळणारा सिक्युरिटी कोड किंवा तसं काम जमणारं मशीन लागतं. ही खटपट टाळायची म्हणून सरळ पूर्ण सेटचं कोटेशन हातात ठेवणारे काही कमी नाहीत. ईसीएम नेमका कशासाठी बदलायचा ते लेखी मागा. उत्तर गोलमाल आलं तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या वर्कशॉपला विचारा.

पात्यासाठी घरात आधी नंबराची पट्टी शोधा. नव्या गाडीच्या चाव्यांना धातूची किंवा प्लॅस्टिकची छोटी पट्टी लावलेली असते. बहुतेकदा ती गाडीच्या फाइलमध्ये पडून असते. नंबरावरून कापलेलं पातं नव्यासारखं बसतं. पट्टी नसेल तर चावीवाला दाराच्या कुलपावरून खाचा वाचून पातं कापतो. तेही चालतं.

चावीवाला बोलवायला हरकत नाही, पण तो आरसी आणि ओळखपत्र मागतो का ते बघा. तुमच्याकडे न मागणारा चोराकडेही मागत नाही. दुसरं म्हणजे बॅटरी. प्रोग्रॅमिंग चालू असताना इग्निशन ऑन राहतं, दारं उघडी असतात आणि गाडी आधीच काही दिवस उभी असते. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीएममधला डेटा बिघडू शकतो आणि मग शोरूमचं कोटेशन खरं ठरतं. उभ्या गाडीत मल्टीमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दिसत असेल तर आधी चार्जर लावा.

आणि मुख्य गोष्ट: हरवलेल्या दोन्ही चाव्यांची नोंद मेमरीतून पुसून घ्या. नवी चावी चालू झाली म्हणजे जुन्या बंद झाल्या असं नाही. काम संपल्यावर स्कॅनरच्या स्क्रीनवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या बघायला मागा. दोन केल्या तर दोनच दिसल्या पाहिजेत. दोन्ही एकाच बैठकीत करून घ्या. मजुरी मुख्यतः मशीन जोडण्याची असते, दुसऱ्या चावीचा जादा खर्च त्यामानाने थोडा. एवढं करूनही जुनं पातं दार उघडू शकतंच. चावी पत्त्यासकट किंवा सोसायटीच्या आसपास हरवली असेल तर दाराचं बॅरलही (कुलपाचा चावी शिरते तो भाग) बदला. प्रवासात कुठेतरी पडली असेल तर तो खर्च मी करायला सांगणार नाही.

कागदपत्रं मात्र चावी करण्याआधी. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा (मुंबई, पुण्यात ती ऑनलाइनही होते) आणि विमा कंपनीला मेल टाका. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. तेव्हा जुन्या तारखेची ही नोंद आणि जुन्या चाव्या डिलीट केल्याचा उल्लेख असलेलं बिल हाताशी हवं. पॉलिसीत 'की रिप्लेसमेंट' अ‍ॅड-ऑन असेल तर खर्च त्यात बसतो का ते काम सुरू करण्याआधीच विचारा. आधी बिल आणि मग फोन, असं केलं की तिथेच घोळ होतो.

बटण-स्टार्टवाल्यांसाठी: फोबचा (खिशातल्या रिमोट-चावीचा) सेल संपला म्हणजे चावी गेली असं नसतं. फोबमधलं लपवलेलं पातं काढून दार उघडा, मग ब्रेक दाबून फोब स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत फोब टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. सेल घेताना जुन्यावरचा नंबर वाचून तोच घ्या. २०३२ आणि २०१६ दोन्ही ३ व्होल्टचे आणि २० मिमी व्यासाचे, पण पहिला ३.२ मिमी जाड, दुसरा १.६. अदलाबदल झाली तर एक बसत नाही, दुसरा सैल राहून मधेच दगा देतो.

पैसे देण्याआधी प्रत्येक चावीने ड्रायव्हरचं दार आणि डिकी उघडून बघा. इंजिन सुरू करून निदान मिनिटभर चालू ठेवा, दिवा विझतो का ते पाहा, आणि मग बंद करून दुसऱ्या चावीनेही तेच करा.