गाडी बदलायची की दुरुस्त करायची? आधी पॉलिसीचे कागद काढा

भांडुपच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४२, खासगी नोकरी, हातात ९२ हजार येतात. पत्नी शिक्षिका, त्यांचे २४ हजार. मुलगी नववीत. वडील ७१ वर्षांचे, सोबतच राहतात. गृहकर्ज ३४ लाख बाकी, हप्ता ३५ हजार, अजून १४ वर्षं. घरखर्च साधारण ६० हजार. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८८ हजार किलोमीटर झालेली. रोज ऑफिसला लोकलने जातात. गाडी रविवारी निघते आणि वर्षातून दोनदा चिपळूणला जाते. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

“पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गेली आहे, तारा दिसतात. बाहेरून टायर नवा वाटतो. गेल्या वर्षी पुढचे दोन्ही टायर ९ हजारांना बदलले, सात हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तेच. त्याआधी २०२४ च्या पावसाळ्यात एलबीएस मार्गावर डावं चाक खड्ड्यात जोरात आदळलं होतं, रिम ठोकून घेतली. स्पीड ब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकवर पुढून खडखड येते, स्टेअरिंग सैल सोडलं की गाडी उजवीकडे जाते. अलाइनमेंटवाला म्हणतो सगळं बरोबर आहे. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण सस्पेन्शन बदला, ४२ हजार. शोरूमवाले म्हणतात १५ वर्षं होत आली, आता ती स्क्रॅपच होणार, एक्स्चेंजला १ लाख २० हजार देतो. नवी गाडी साडेअकरा लाखांना पडते. ३ लाखांची एफडी आहे, त्यातले १ लाख ३० हजार काढीन, बाकी ९ लाख कर्ज, सात वर्षं, साडेनऊ टक्के. हप्त्याची चिंता नाही, कारण मार्च २०२३ मध्ये बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड इन्कम प्लॅन करून दिला आहे. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे, मार्च २०३५ पासून दरवर्षी २ लाख १० हजार, दहा वर्षं मिळणार. तर ४२ हजार जुन्या गाडीत घालू की नवी घेऊ?”

नवी घेऊ नका, आणि ४२ हजारही देऊ नका. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून आकडा सांगितला, शोरूमवाल्याला तर गाडी विकायचीच आहे. लिफ्टवर घेऊन, चाक हाताने हलवून कोणीच पाहिलेलं नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंत नि अलाइनमेंटच्या चिठ्ठीत निम्मं उत्तर आहे.

टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड गेली तर चाकाचा कोन बिघडलेला, टो (वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) तरी किंवा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर कलणं) तरी. टो बिघडला की बहुतेक वेळा पुढचे दोन्ही टायर झिजतात, आणि टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने टोचरं लागतं. तुमचा उजवा टायर चांगला आहे. चिठ्ठीवर डावा कॅम्बर उणे पावणेदोन अंश, उजवा जवळपास शून्य. म्हणजे डावं चाक वरच्या बाजूने आत कललेलं आहे आणि आतल्या कडेवर चालतंय. दोन बाजूंत एवढा फरक असला की गाडी कमी उणे असलेल्या बाजूला ओढते. म्हणून झीज डावीकडे आणि ओढ उजवीकडे. अलाइनमेंटवाल्याने ‘बरोबर’ म्हटलं ते टोबद्दल. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर ॲडजस्ट होतच नाही, त्यामुळे त्याच्या हातात काही नव्हतं, पण कॅम्बर बिघडलाय एवढं तरी त्याने सांगायला हवं होतं.

रिम वाकवणारा दणका रिमवर थांबत नाही. पहिला संशय डावा स्ट्रट (शॉक ॲब्झॉर्बरचा खांब) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकल्याचा, मग बसलेल्या स्प्रिंगचा, मग लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश आणि बॉल जॉइंट सैल झाल्याचा. हे न बघता नवे टायर घातले, म्हणून त्यातला डावा वर्षात गेला. आता पुन्हा नुसता टायर बदललात तर पुढच्या वर्षी पुन्हा पैसे जातील.

आवाजाचंही असंच. पेव्हर ब्लॉकवर, कमी वेगात येणारी खडखड बऱ्याचदा लिंक रॉडची (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांडीची) असते आणि तो सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. चांगला मेकॅनिक दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते सोडतो, गल्लीत जपून एक फेरी मारतो. आवाज गेला तर प्रश्न मिटला. नाही गेला तर चाक वर उचलून वर-खाली धरून हलवायचं: ढिलेपणा असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांडीचा सांधा). लोअर आर्मच्या बुशला पहार लावली की फाटलेलं रबर लगेच दिसतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ४००-५०० रुपये मजुरी आनंदाने द्या, पण स्वतः समोर उभे राहा आणि त्याला प्रत्येक पार्ट हलवून दाखवायला लावा. जो दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

पुढचे दोन्ही स्ट्रट जोडीने, लिंक रॉड, डावा लोअर आर्म, मजुरी, आणि सगळं बसवून झाल्यावर अलाइनमेंट-बॅलन्सिंग: माझ्या अंदाजाने १६ ते १८ हजार. नकलही वाकलेला निघाला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चांगला जुना मिळतो, थोडे पैसे वाढतील. अलाइनमेंट शेवटीच करायचं, आधी केलेलं फुकट जातं. तुम्ही मागच्या टायरचाही फोटो पाठवलात ते बरं झालं. त्याच्या कडेवर १११८ असा आकडा आहे, म्हणजे २०१८ सालच्या ११ व्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण रबर आठ वर्षांचं झालं. मागचे दोन आणि पुढचा डावा, तीन टायर घ्या, १३-१४ हजार. आणि ते होईपर्यंत डाव्या टायरवर हायवेला जाऊ नका. तारा दिसणारा टायर फुटतो. सगळं मिळून तीसेक हजार. ४२ हजारांत टायर धरलेलेच नव्हते.

‘१५ वर्षं झाली की स्क्रॅप’ हे तर चक्क खोटं आहे. तुमची नोंदणी २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर फिटनेस तपासून, पर्यावरण कर भरून आरटीओ पाच वर्षांसाठी नूतनीकरण करतं. दिल्लीचे नियम मुंबईत सांगून गाड्या विकायच्या, हे थांबायला हवं.

आता नव्या गाडीचा हिशोब. ९ लाख, सात वर्षं, साडेनऊ टक्के: हप्ता १४,७०० रुपये. एकूण १२ लाख ३५ हजार फेडणार, व्याजच सव्वातीन लाखांच्या वर. तुमची गाडी वर्षाला सरासरी पावणेसात हजार किलोमीटर चालते. म्हणजे नुसता हप्ताच किलोमीटरला २६ रुपये, पेट्रोल आणि इन्शुरन्स वेगळे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सीचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, म्हणजे किलोमीटरला २१.

आणि हप्ता येणार कुठून? घरात १ लाख १६ हजार येतात. गृहकर्ज आणि घरखर्च ९५ हजार. पॉलिसीचे महिन्याला १० हजार. उरले ११ हजार. १४,७०० बसतच नाहीत. तुम्ही म्हणता पॉलिसी भरेल. कर्ज फिटणार २०३३ मध्ये, पॉलिसीचा पहिला रुपया येणार मार्च २०३५ मध्ये. गाडीचा शेवटचा हप्ता भरून दोन वर्षं झाल्यावर! हे कॅलेंडर समोर ठेवून कोणी तुम्हाला दाखवलं नाही, आणि मला खरा राग त्याचा येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचे पैसे गाडीपेक्षा कितीतरी जास्त या पॉलिसीत जात आहेत. ‘१२ लाख भरा, २१ लाख घ्या’ ऐकायला छान वाटतं. साधा हिशोब करा. २०२३ ला भरलेले १ लाख २० हजार २०३५ ला २ लाख १० हजार होऊन येतात. २०२४ चे २०३६ ला. प्रत्येक हप्ता १२ वर्षांत पावणेदोन पट. वर्षाला पावणेपाच टक्के. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. त्या दराने तेच १ लाख २० हजार १२ वर्षांत २ लाख ७० हजारांवर जातात. एका हप्त्यामागे ६० हजारांचा फरक, असे दहा हप्ते. करबचतीसाठी घेतली म्हणता, पण याच पत्रात लिहिलंय की तुम्ही आता नव्या करप्रणालीत आहात. तिथे या हप्त्याची वजावट मिळतच नाही. मुलगी २०२९ मध्ये बारावी होईल. तिच्या फीच्या वर्षांत तुम्ही पॉलिसीचे हप्तेच भरत असाल.

याहून गंभीर गोष्ट एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात: ‘विमा आहेच, १२ लाखांचा.’ तो याच पॉलिसीतला. डोक्यावर ३४ लाखांचं कर्ज, पत्नीचा पगार २४ हजार, गृहकर्जाचा हप्ता ३५ हजार. उद्या तुम्ही नसलात तर १२ लाख कर्जात गेले तरी २२ लाख बाकी राहतात, आणि घर चालवायला काहीच नाही. वर्षाला १ लाख २० हजार भरून एवढंच संरक्षण विकणाऱ्याने तुमचं घर पाहिलं नाही, आपलं टार्गेट पाहिलं. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, साठीपर्यंतचा १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) साधारण वर्षाला २० ते २५ हजारांत मिळतो. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. ‘काही झालं नाही तर पैसे परत’ वाला प्रकार सुचवतील, घेऊ नका.

आता पॉलिसीचं काय करायचं? तीन हप्ते, ३ लाख ६० हजार भरून झाले. ‘एवढे भरलेत तर पूर्ण करू’ असं वाटणं साहजिक आहे, पण पुढचे सात हप्ते, ८ लाख ४० हजार, तेही पीपीएफपेक्षा कमी दरानेच वाढणार. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढे भरणं थांबवलं, तर साधारण तीन-दशांश लाभ राहतो, वर्षाला ६३ हजार, २०३५ पासून. सात टक्के व्याज धरलं तर आजची त्याची किंमत अडीच लाखांच्या आसपास येते. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अपचे आकडे लेखी मागवा. सरेंडरचे अडीच लाखांहून चांगले जास्त देत असतील तर मोडा. कमी देत असतील, आणि तीनच हप्ते झाल्यावर बहुधा कमीच देतील, तर पेड-अप करून विसरून जा. मॅडम फोन करतील, ‘नुकसान होईल’ म्हणतील. त्यांना फक्त एवढंच विचारा की वार्षिक परतावा किती टक्के, ते ईमेलवर लिहून द्या.

हप्ता थांबला की महिन्याला २१ हजार हातात राहतील. टर्मचे दोन वजा करा. दहा हजारांचं आरडी गाडीच्या नावाने सुरू करा. नोंदणी संपेपर्यंत तीन लाखांच्या आसपास होतील, तेव्हा नूतनीकरण की नवी हे बघू. बाकी मुलीसाठी. गाडीच्या दुरुस्तीचे तीस हजार पहिल्या दोन महिन्यांच्या शिलकीतून निघतील. तोपर्यंत गाडी उभी राहू द्या. एफडीला हात लावू नका. ९५ हजारांच्या खर्चाला तीन लाख म्हणजे तीन महिने, आणि वडिलांना कंपनीचा मेडिक्लेम लागू नाही. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड याच आठवड्यात काढा. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. आधार कार्ड लागतं.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म विम्याचा अर्ज. शुगरची गोळी सुरू आहे असं लिहिलंत, ते अर्जात स्पष्ट लिहा. प्रीमियम थोडा वाढेल, वाढू दे. लपवलंत तर पत्नीचा क्लेम अडकेल. टर्मची पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी थांबवू नका. मेडिकलला वेळ लागला तरी घाबरू नका: वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते आणि तेवढे दिवस जुनं संरक्षण चालू राहतं.