भावाचं दुखणं आणि तुझी चित्रं

बेटा,

अक्कलकुवा तालुक्यातून आलेलं तुझं पत्र मी दोनदा वाचलं. धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तुझी बारावी सायन्स झाली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवूनही तू रंगपेटी माळ्यावर टाकलीस आणि नर्सिंगच करायचं ठरवलंस. तू विचारतेस, ‘दुःख कमी करणं हे आनंद मिळवण्यापेक्षा मोठं नाही का? मग चित्रं काढणं हा स्वार्थच ना?’

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर बरंचसं ‘हो’ आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोराची हाडं ठणकायला लागतात. त्या रात्री गावात दुसऱ्या कुणाला कितीही आनंद झाला, तरी त्याचा ठणका काही भरून निघत नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये हेच मांडलं होतं: दुखणाऱ्याची हाक तातडीची असते, सुखी माणसाचं सुख वाढवण्याची तशी निकड नसते. पण पुढे १९५८ मध्ये आर. एन. स्मार्ट या तत्त्वज्ञाने त्यातली अडचण दाखवली. दुःख कमी करणं एवढंच ध्येय धरलं, तर वेदना न देता सगळ्यांनाच संपवणारा राजाही बरोबर ठरेल!

म्हणजे हिशेबात काहीतरी सुटतंय. काय, ते तूच लिहिलं आहेस. होळीच्या तोंडावर भावाला कळा आल्या. तू रात्रभर त्याचे पाय शेकलेस, घोट घोट पाणी पाजलंस. पहाटे ठणका उतरला, तो उठून बसला आणि पहिलं काय म्हणाला? ‘माझे घुंगरू कुठे आहेत?’ त्याला काठी गावच्या होळीला जायचं होतं. ढोल, घुंगरू, रात्रभराचा नाच यासाठी त्याला ते पाय हवे होते. हे वाक्य मी बराच वेळ वाचत राहिलो.

म्हणून चित्रांना स्वार्थ म्हणू नकोस. ‘आरोग्याची पोस्टर्स काढ म्हणजे कला कामी येईल’ असंही मी सांगणार नाही. चित्रांना उपयोगाची पावती लागत नाही.

नर्सिंगबद्दल मला एकच काळजी आहे. ‘तो आजारी आणि मी धडधाकट’ ही खंत मनात धरून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या वर्षापर्यंत त्या आतून थकतात. वॉर्डातली माणसं तुझा भाऊ नसतील. कुणी चिडेल, कुणी शिव्याही देईल. तरी त्यांच्याजवळ थांबावंसं वाटतं का, ते आधी बघ. आठवडाभर परवानगी काढून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबरोबर फिर. सिकलसेलची तपासणी कशी होते, लग्नाआधी ती का करावी हे त्या कसं समजावतात, ते ऐक. आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही हा दोष त्यांच्या रक्तात असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे घाबरवून न टाकता सांगणं फार अवघड काम आहे. तुला ते जमेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

मन लागलं तर बी.एस्सी. नर्सिंग, ४ वर्षं. त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाही लागलं तर फाइन आर्टचा फॉर्म भर, आणि भावाची परवानगी मागत बसू नकोस. कुठेही गेलीस तरी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाक, त्याला वेळ लागतो. आणि रंगपेटी माळ्यावरून खाली काढ.