भावाला गुपचूप घेऊन येऊ नकोस, आधी हे कर

तू लिहिलंयस की तू 20 वर्षांची, पुण्यात होस्टेलला, भाऊ पाचवीत, गावी बाबा पिऊन आले की सगळं त्याच्यावर निघतं, आई मधे पडली की तिलाही पडतात, आणि तुझ्या डोक्यात असं आहे की सुट्टीत जायचं नि येताना त्याला घेऊनच यायचं. अगं मी अगदी हेच केलं होतं, 2005 साली. मी 19 ची, धाकटा 9 वर्षांचा, पहाटेची एसटी पकडली आणि थेट मामाकडे. चौथ्या दिवशी बाबा पोलिसाला घेऊन दारात, "माझा पोरगा पळवला हिने". आणि माझ्याकडे दाखवायला कागदाचा कपटासुद्धा नव्हता. भाऊ परत गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याने काय सोसलं ते मी लिहीत नाही.

कायदा आजही तसाच आहे. 18 वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या संमतीशिवाय नेलं तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 खाली अपहरणात बसवता येतं, मग तू सख्खी बहीण का असेना. म्हणून आधी नोंद, मग भाऊ.

नोंद म्हणजे काय तर 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, आणि तू पुण्यातून पण करू शकतेस, फक्त भाऊ कुठल्या गावात, कुठल्या तालुक्यात आहे ते नीट सांग. एखाद्या रात्री प्रकरण हाताबाहेर गेलं तर मात्र सरळ 112, पोलिसांच्या मदतीसाठी. दुसरं, प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि मुलाला त्यांच्यासमोर कोणीही नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतः गेलं तरी चालतं. आता तुला भीती वाटणार की पोराला रिमांड होममध्ये टाकतील. माझ्या आईला हीच भीती घालून गप्प बसवलं होतं लोकांनी. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात स्पष्ट लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, नातेवाईक सांभाळायला तयार आणि योग्य असेल तर समिती मूल त्यांच्याकडे देऊ शकते. तेव्हा तुझं खरं काम आहे तो नातेवाईक शोधणं. राग मानू नकोस, पण तू स्वतः होस्टेलच्या कॉटवर त्याला सांभाळू शकत नाहीस. मामा, मावशी, आजी, कोण बाबांना न घाबरता उभं राहील? गोड बोलणारे नकोत, आमच्याकडे जे काका "आम्ही आहोत ना" म्हणायचे ते वेळेवर लग्नाला गेलेले निघाले.

आईचं बोलू. ती तयार होणार नाही, माहितीये. तिच्यासमोर 'केस' हा शब्दच काढू नकोस. तिला एवढंच सांग की 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे ती स्वतःसाठी आणि मुलासाठीही जाऊ शकते, आणि कोर्ट मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. दरवेळी बाई आणि पोरानेच पिशवी भरायची असं काही नाही. आमच्या आईला हे कळायला सहा वर्षं लागली.

तोपर्यंतचं काय, तर मधे पडून बाबांशी भांडू नकोस. मी भांडायचे, मला फार शूर वाटायचं, आणि मी कॉलेजला परत गेले की त्याचं व्याज भावाकडून वसूल व्हायचं, हे मला त्याने कितीतरी वर्षांनी सांगितलं. भावाला शिकव की आवाज चढला की स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये लपायचं नाही, घराबाहेर पडायचं, शेजारच्या काकूंकडे. त्या काकूंशी तू आधीच बोलून ठेव. एक खुणेचं वाक्य ठरवा, आमचं होतं "ताई, गणिताची वही सापडत नाहीये". आणि हे पण सांग की आईला वाचवणं त्याचं काम नाही. तो विचारेल, माझ्यामुळे होतं का. उत्तर लगेच दे, विचार करत बसलीस तर त्याला 'हो' ऐकू येतं.

वळ, जखम काही असेल तर तारखेसकट फोटो, आणि ते त्याच्या नाही तुझ्या ईमेलवर. सरकारी दवाखान्यात नेलं तर "जिन्यावरून पडला" सांगू नका, जे झालं तेच केसपेपरवर येऊ दे. वर्गशिक्षिका बरी असेल तर तिलाही कळू दे. लैंगिक प्रकाराची नुसती शंका आली तरी थांबू नकोस, पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे.

अजून एक, तो पाचवीत आहे म्हणून. नवोदय या सरकारी निवासी शाळेची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीतच देतात, एकदाच देता येते, सहावीपासून तिथेच राहायचं. फॉर्मची तारीख आजच बघ. लागला नंबर तर सात वर्षं बाहेर, आणि बाबा गावात मिरवतील सुद्धा, मिरवू देत!

आणि कॉलेज सोडून घरी जाऊ का विचारलंस, तर नको. या शनिवारी जाऊन ये. जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड सगळ्याचे फोटो काढून आण, मूळ कागद जागच्या जागी राहू देत, नाहीतर बाबांना लगेच वास लागेल.