कोविडमध्ये सरकारी सेवा गरिबांपर्यंत खरंच पोहोचल्या का, की सगळं कागदावरच राहिलं?

रेशनपुरतं सांगू शकतो, ते डोळ्यांनी पाहिलंय. मी मराठवाड्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक. एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा आम्हाला रेशन दुकानांवर नेमलं होतं. धान्य मापात आणि ठरल्या भावात मिळतंय का हे बघायचं आणि गर्दी होऊ द्यायची नाही. चुन्याने गोल आखले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन बघतो तर गोलांत चपला, पिशव्या, एका गोलात तर नुसती वीट. माणसं सगळी लिंबाखाली खेटून बसलेली.

ज्याचं नाव स्वस्त धान्याच्या यादीत होतं त्याला धान्य मिळालं. उशिरा, कुरकुरत, पण मिळालं. एरवी रेशनला नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो, तरी हे कबूल करतो. प्राधान्य कार्डाला, म्हणजे या यादीतल्या कुटुंबाला, तेव्हा माणशी ५ किलो नेहमीचं धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. वर प्रधानमंत्री गरीब कल्याणचा माणशी ५ किलो तांदूळ फुकट. पण दोन्हींचं नियतन, म्हणजे दुकानाला मंजूर होणारा धान्यसाठा, वेगळं, त्यामुळे आमच्याकडे आधी विकतचं आलं आणि फुकटचं नंतर. "गुरुजी, टीव्हीवर तर फुकट म्हनले, मंग ह्ये पैसे कशाचे?" हा प्रश्न मी त्या महिन्यात किती वेळा ऐकला याला हिशेब नाही. दुकानदाराला शिव्या बसायच्या, आणि त्या वेळी तरी त्याचा दोष नव्हता.

एक गंमत झाली. पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवायच्या यंत्रावर, सगळ्यांचे अंगठे लागून संसर्ग वाढेल म्हणून दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप करायची मुभा मिळाली. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्यात, ज्यांना मशीन दर महिन्याला तीन-चारदा परत पाठवायचं, त्या म्हाताऱ्यांनी पहिल्यांदा विनातक्रार धान्य नेलं. याच सवलतीत गैरहजर माणसाच्या नावावर उचल दाखवायलाही वाट होती. म्हणून तर आम्ही रजिस्टर घेऊन बसलो होतो.

आता ज्यांना मिळालं नाही त्यांचं. यासाठी एक शब्द माहीत पाहिजे: इष्टांक. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक राज्यात किती माणसांना स्वस्त धान्य द्यायचं हे २०११ च्या जनगणनेवरून ठरलं. महाराष्ट्राला सुमारे ७ कोटींचा आकडा मिळाला. मग तो जिल्ह्यांत वाटला, तालुक्यांत वाटला. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती त्या वर्षी झालीच नाही. लोक वाढले, आकडा तिथेच. त्यामुळे तुम्ही कितीही गरीब असा, यादीतून कुणी मेलं किंवा वगळलं गेलं तरच तुमचा नंबर. तहसीलला गेलात की ठरलेलं उत्तर: इष्टांक शिल्लक नाही.

मे महिन्यात पुण्याहून एक जोडपं दोन लेकरांना घेऊन गावी आलं. काही अंतर चालत, काही टेम्पोत. शाळेतच चौदा दिवस ठेवलं होतं त्यांना, माझ्याच वर्गात. फळ्यावर मार्चमधला पाढा तसाच होता. नवऱ्याचं नाव वडिलांच्या केशरी कार्डावर. बायकोचं अजून माहेरच्या कार्डावर, कारण तिथून नाव कमी केल्याचा दाखला कुणी आणलाच नव्हता. लेकरं तर कुठल्याच कार्डावर नाहीत. म्हणजे चार तोंडं आणि युनिट, म्हणजे कार्डावर मोजलं जाणारं माणूस, एक. राज्याने इष्टांकात न बसलेल्या केशरीवाल्यांना मे-जूनसाठी गहू ८ आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला, पण तोही कार्डावरच्या नावांपुरता, माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ. नंतर केंद्राने विनाकार्ड मजुरांसाठी माणशी ५ किलो काढला, तेव्हा त्यांची नावं मी स्वतः लिहून दिली. तोवर ती बाई शाळेतल्या पोषण आहाराच्या उरलेल्या तांदळाकडे बघायची. तो पालकांना वाटायचा आदेश होता, पण पटावरच्या मुलांच्या. तिची मुलं पटावर नव्हती. आम्ही काय केलं ते इथे लिहीत नाही.

आशाताई आणि अंगणवाडीच्या बायकांवर वेगळं उत्तर लागेल. सप्टेंबरातल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त ऑक्सिमीटर घेऊन दारोदार त्याच फिरल्या, आणि पुढच्या जूनमध्ये मानधनासाठी आशाताईंना संपावरही जावं लागलं.

त्या बाईचं आणि लेकरांचं नाव सासरच्या कार्डावर चढलं ते डिसेंबरात. मी मोबाईलवर कार्डाचा बारा अंकी नंबर टाकून दाखवला. तिने स्क्रीनवर बोट ठेवून चारही नावं मोजली आणि म्हणाली, "ह्यात धाकट्याचं नाव चुकलंय."