रेस पिळली की ऑइलचा दिवा: सेन्सर बदलण्याआधी हे बघा

बाइकची रेस तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पिळली की ऑइलचा लाल दिवा दोनेक सेकंद लागतो, सोडली की विझतो, आणि गॅरेजवाला म्हणतो ऑइल फुल आहे. तुम्ही विचारलेलं हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. कोणतं ऑइल, कधी बदलायचं हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

आधी दिवा प्रेशरचा की लेव्हलचा ते ठरवा. चित्र दोन्हींवर तेच, तेलाच्या कॅनचं. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. दिवा लागलेलाच राहिला आणि इंजिन चालू झाल्यावर विझला, तर प्रेशर स्विच. क्षणभर लागून आपोआप विझला, तर बहुधा लेव्हल सेन्सर. खात्री मॅन्युअलमध्ये करा.

लेव्हलचा असेल तर लगेच घाबरू नका. यामाहाच्या बऱ्याच मॅन्युअलांत चक्क लिहिलंय की चढावर किंवा वेग एकदम वाढवताना, कमी करताना ऑइल पुरेसं असूनही दिवा लुकलुकू शकतो. प्रेशरचा असेल तर मात्र रेस पिळणं आजपासून बंद. हा स्विच साधारण 0.2 ते 0.5 बारच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे त्या क्षणी प्रेशर थोडंसं कमी नसतं, जवळजवळ संपलेलं असतं. रोलर बेअरिंगचं सिंगल सिलिंडर इंजिन हे थोडं सोसतं, शेल बेअरिंगवालं (रोलर नाहीत, नुसत्या ऑइलच्या थरावर फिरणारं) सोसत नाही.

होतं काय, तर गाडी जोरात पुढे सुटली की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल मागे सरकतं. 0.5 जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या) इतक्या प्रवेगाला ऑइलचा पृष्ठभाग सुमारे 27 अंश कलतो. चेंबर 20 सेंमी लांब धरला तर पुढच्या कडेला पातळी 5 सेंमी उतरते. त्यात वरच्या आरपीएमला बरंच ऑइल इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये अडकलेलं असतं. ऑइल आधीच कमी असेल तर पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो.

आता "फुल आहे" या वाक्याकडे. सगळी गफलत इथेच होते. लेव्हल साइड स्टँडवर बघतात! स्टँड डावीकडे, गाडी डावीकडे झुकलेली. लेव्हल बघायची काच उजव्या कव्हरवर असेल तर ऑइल कमी दिसतं आणि माणूस जास्त ओततो. काच डावीकडे असेल तर उलट, कमी असून भरपूर दिसतं. जास्त ओतलेलंही वाईटच, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो, फेसात हवा असते, आणि प्रेशर पडून दिवा तोच लागतो. डिपस्टिक आटे फिरवून बसवून बघायची की नुसती टेकवून, हेही मॉडेलप्रमाणे बदलतं. चुकलं तर आट्यांच्या उंचीइतका फरक. इंजिन गरम करा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, सपाट जागी गाडी सरळ उभी धरायला दुसरा माणूस घ्या. कमी असेल तर 100 मिली घालून पुन्हा बघा. (ड्राय संप, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असलेल्या गाडीला हे लागू नाही, तिची पद्धत वेगळी.)

माझ्या वेळी एका सर्व्हिस सेंटरने लेव्हल अशीच साइड स्टँडवर बघून सेन्सर बदलला, बिल फाडलं आणि दिवा होता तसाच. प्रेशर गेज लावा म्हटलं तर "तसं आम्ही करत नाही". अहो, मग निदान कसलं केलंत? असो.

गेजचं काम अवघड नाही. प्रेशर स्विच काढून त्या जागी 0 ते 10 बारचं गेज. बऱ्याच जपानी गाड्यांत आटे 1/8 पीटी मापाचे, टेपर म्हणजे निमुळते असतात. करकचून पिळू नका, अॅल्युमिनियमची केसिंग तडकते. गरम इंजिनावर मॅन्युअलमधल्या आरपीएमला आकडा बघा. उभ्या गाडीवर तो बरोबर आला, तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हवरचा (जास्तीचं प्रेशर सोडणारा) संशय बराच कमी होतो. उरतं काय? लेव्हल, फेस, जाळी आणि वायर. वायर स्वस्तातलं काम, म्हणून आधी तीच. बहुतेक स्विचला एकच वायर असते आणि ती बॉडीला टेकली की दिवा लागतो. स्प्रॉकेट कव्हरजवळ ती घासते, रेस दिल्यावर इंजिन रबर माउंटवर हलतं आणि सोललेला भाग टेकतो. इंजिन आयडलवर ठेवून वायर हलवून बघा.

जाळी शेवटी. तिथे कव्हरला लावलेल्या जास्तीच्या सिलिकॉनच्या अळ्या आणि क्लच प्लेटचा चुरा सापडतो. जाळीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपची रबरी ओ-रिंग कडक झाली असेल तर तिथूनही हवा शिरते, बदलूनच टाका.

कुणी "20डब्ल्यू50 (जाड ग्रेडचं ऑइल) घाल, दिवा जाईल" सांगेल. माझं स्पष्ट मत, नको. जाड ऑइल हेडमधून सावकाश उतरतं आणि जाळीतून ओढायलाही जड जातं. कंपनीने दिलेलाच ग्रेड, आणि ओला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला क्लच असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा क्लचसाठीचं जपानी मानक) बघून घ्या.

मी तुमची गाडी पाहिलेली नाही, तेव्हा हे अंदाजानेच घ्या. पण प्रेशरचा दिवा बरेच दिवस लागत असेल तर ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा. उन्हात चमचम करणारे कण दिसले किंवा खालून ठकठक येत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत चढवा.