खुंट किती दिवसांचे?

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. एकात हीरोची घोटून दाढी केलेली, दुसऱ्यात दोन-तीन दिवसांचे खुंट, तिसऱ्यात आठवडाभराची वाढ. तिन्हींत तोच काळा डिनर सूट, तोच बो टाय. आणि खाली तुझा प्रश्न: असल्या रुबाबदार, जंटलमन गुप्तहेराला खुंट शोभतात का? दिग्दर्शकाला हवेत, निर्मात्याला नकोत, हीरो म्हणतो मला असंच बरं दिसतं. तिघांचं बोलून झालंय, ट्रिमर तुझ्या हातात आहे आणि मेकअपमन म्हणून स्वतंत्रपणे करतोयस तो हा पहिलाच सिनेमा. पोटात गोळा येणारच.

मला काही दाढी आली नाही, पण पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या मोजण्यात गेली. तेवढ्या भांडवलावर सांगते. 'शोभतात का' हा प्रश्न आधी बाजूला ठेव. जबडा बरा असेल तर त्यावर काहीही शोभतं. पटकथा उघड आणि प्रत्येक सीनच्या कडेला पेन्सिलीने लिही: शेवटची दाढी कधी केली? मधल्या दिवसांत वस्तरा का मिळाला नाही? याचं उत्तर कथेत असेल तर खुंट ठेव. नसेल तर ते हीरोचे खुंट आहेत, त्या गुप्तहेराचे नाहीत.

दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. म्हणजे तीन दिवसांत जेमतेम एक मिलिमीटर. घरच्या आरशात याचं काहीच वाटत नाही. मोठ्या पडद्यावर क्लोजअपमध्ये मात्र तोच एक मिलिमीटर प्रेक्षकाला तारीख सांगून जातो. गुप्तहेराचा सगळा धंदा खोटं बोलण्याचा. रात्री गच्चीवर मारामारी झाली असेल, पण सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तो असा येतो की जणू आठ तास झोपला होता. त्याच्या गुळगुळीत गालाचं काम एवढंच, की काल काय घडलं ते समोरच्याला कळू नये.

हा गुळगुळीतपणा आला कुठून, तेही माहीत असू दे, निर्मात्याशी बोलताना उपयोगी पडेल. या जातीच्या नायकांचा मूळपुरुष जेम्स बाँड. त्याचे लेखक इयन फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. १९५३ मध्ये त्यांची पहिली बाँड कादंबरी आली आणि आपल्या नायकालाही त्यांनी नौदलातला कमांडर करून टाकलं. आता त्या नौदलाची जुनी रीत बघ. ठेवायची तर पूर्ण दाढी-मिशी, नाहीतर काहीच नाही. नुसती मिशी चालत नाही. दाढी ठेवायची असेल तर वरिष्ठांकडे 'दाढी करणं थांबवण्याची' परवानगी मागायची, आणि काही दिवसांनी वाढ धड दिसत नसेल तर साहेब ती उतरवायला लावणार. म्हणजे तिथे खुंट ही परवानगीने पार करायची मधली अवस्था. अशा शिस्तीतून आलेला माणूस सकाळी उठून आधी काय करत असेल, ते वेगळं सांगायला नको.

१९६२ मध्ये बाँड पडद्यावर आला तेव्हा दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी बाँड झालेल्या शॉन कॉनरीला आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअर यांच्याकडे नेलं. सूट अंगवळणी पडावा म्हणून सूट घालूनच झोपायला लावलं, असाही किस्सा सांगतात. (गंमत म्हणजे कॉनरीच्या डोक्यावरचे केस टोपाचे होते. आपल्या धंद्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटायला हवा.) त्याच्या दोनच वर्षं आधी, २६ सप्टेंबर १९६० ला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निक्सन आणि केनेडी टीव्हीवर वादाला समोरासमोर आले होते. निक्सन नुकतेच दुखण्यातून उठलेले, चेहरा उतरलेला. त्यांनी रीतसर मेकअप नाकारला आणि दाढीची काळपट झाक झाकायला नुसती पावडर फासली. कृष्णधवल पडद्यावर ती सावली दिसायची ती दिसलीच, आणि त्या एका झाकेवर आजही लेख लिहिले जातात. दाढीच्या सावलीने माणूस थकलेला आणि काहीसा लबाड दिसू शकतो, हे ज्यांनी पाहिलं होतं त्यांना आपल्या नायकाच्या गालावर ती कशाला हवी असेल?

आता एक सीन तू बघच. हिचकॉक यांचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', १९५९ चा. कॅरी ग्रँट त्यात गुप्तहेर नाही, जाहिरातवाला आहे. त्याला चुकून गुप्तहेर समजलेत आणि तो अंगावरच्या सुटानिशी पळतोय. शिकागोच्या स्टेशनवर पोलीस शोधतायत आणि हा पुरुषांच्या स्वच्छतागृहात आरशासमोर तोंडाला फेस फासून उभा. हातात काय, तर नायिकेच्या सामानातला बोटाएवढा रेझर. शेजारी एक धिप्पाड माणूस भला मोठा वस्तरा चालवतोय आणि या चिमुकल्या रेझरकडे बघत राहतो. नेहमी हसू येतं मला. पण हसताना लक्षात घे: जीव धोक्यात असताना हा माणूस वस्तरा शोधतो, आणि त्या फेसामुळेच त्याचा चेहरा लपतो. दाढी करणं हीच त्याची पळवाट. जंटलमनपणा कुठल्याही संवादाशिवाय दाखवलाय. तुझ्या लेखकाला हा सीन दाखव.

उलटी बाजूही आहे, आणि ती जास्त शिकवणारी आहे. २००२ च्या 'डाय अनदर डे' या बाँडपटात बाँड झालेला पिअर्स ब्रॉस्नन चौदा महिने उत्तर कोरियाच्या कैदेत असतो. बाहेर येतो तो लांब वाढलेले केस आणि जंगली दाढी घेऊन. त्या अवतारात, ओल्या कपड्यांत, तो हाँगकाँगच्या उंची हॉटेलात शिरतो आणि सगळे बघत राहतात. मग आंघोळ, दाढी, स्वच्छ शर्ट, आणि माणूस परत आला. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये बाँड झालेल्या डॅनिअल क्रेगला सगळ्यांनी मेलेला धरलंय. तो परततो तेव्हा गालावर खुंट आहेत, रंगाने फिकट, त्यामुळे चेहरा आणखीच झिजलेला वाटतो. पुढे मकावमध्ये सहकारी स्त्री उघड्या वस्तऱ्याने त्याची दाढी करते. गळ्यावरून पातं फिरतंय आणि धरणारी तीच, जिच्या बंदुकीची गोळी त्याला लागली होती. त्या दोन मिनिटांत विश्वास, भीती, ओढ सगळं आलं. आधी खुंटच नसते, तर हा सीन करायचा कशावर? मला विचारशील तर त्या सिनेमातला सगळ्यात महागडा ऐवज ते खुंटच आहेत.

दोन्ही ठिकाणी खुंट कुठून आले ते कळतं आणि कुठे गेले तेही दिसतं. हीरो तुला जे म्हणतोय ते मात्र वेगळं आहे. त्याला कायमचे तीन दिवसांचे खुंट हवेत, पहिल्या सीनपासून शेवटच्यापर्यंत. ही फॅशन १९८४ ला सुरू झालेल्या 'मायामी व्हाइस' या अमेरिकन टीव्ही मालिकेपासून जोरात आली. डॉन जॉन्सन, फिकट जाकीट आणि दाढी न केलेले गाल. पण तो पोलीस होता, वेषांतर करून गुन्हेगारांत वावरणारा. त्याला ते पात्र म्हणून चालत होतं. गुप्तहेराला उगाच चिकटवलं की वेगळाच अर्थ निघतो. रोज तीन दिवसांचेच खुंट राहायचे तर रोज ट्रिमर फिरवावा लागतो, आणि ही घोटून दाढी करण्याहून कटकटीची कामगिरी आहे. निष्काळजी दिसण्यासाठी इतकी काळजी घेणारा माणूस मला तरी आरशावर प्रेम करणारा वाटतो. खलनायकाला चालेल.

हीरो बहुतेक तुला एक अभ्यासही पाठवेल, मला आजवर तिघांनी पाठवलाय. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या डिक्सन आणि ब्रुक्स या संशोधकांनी दहा पुरुषांचे चार अवस्थांतले फोटो लोकांना दाखवले. स्त्रियांनी सगळ्यात आकर्षक ठरवले ते साधारण दहा दिवसांचे दाट खुंट. पाच दिवसांचे हलके खुंट, पूर्ण दाढी आणि गुळगुळीत गाल, तिन्ही मागे पडले. खोटं नाही ते. पण हीरोला शांतपणे दोन गोष्टी सांग. एक, त्याच्या आवडीचे तीन दिवसांचे खुंट त्या परीक्षेला बसलेलेच नव्हते. दोन, प्रश्न आकर्षकपणाचा होता. हा माणूस राजदूताच्या मेजवानीत संशय न येता वावरेल का, असं कुणी विचारलं नव्हतं.

आता धंद्याचं बोलते, कारण घोळ इथेच होतो.

माझ्या सुरुवातीच्या एका सिनेमात नायक पळून पळून हॉटेलच्या खोलीत येतो. बाहेरच्या पॅसेजचा शॉट आधी झाला, खोलीतला पाच आठवड्यांनी, दुसऱ्या सेटवर. पॅसेजमध्ये त्याचे खुंट दोन दिवसांचे. खोलीसाठी मी नजरेच्या अंदाजाने ट्रिम केले, ट्रिमरचा नंबर लिहून ठेवलाच नव्हता. एडिटरने जोडून पाहिलं आणि मला फोन केला, "याला दार उघडायला तीन दिवस लागले का?" तो शॉट तसाच राहिला. अजून टीव्हीवर लागला की मी उठून पाणी प्यायला जाते. तेव्हापासून वही ठेवते: ट्रिमरचा नंबर, शेवटची दाढी कधी, डावा गाल, उजवा गाल, हनुवटीखालचा फोटो. डबलचेही हेच सगळं. स्टंटवाल्याचा गाल गुळगुळीत आणि हीरोचा खरखरीत असेल तर पळताना कुणाला कळणार नाही, पण वळला की कळतं.

प्रकाशाचं कॅमेरामनशी आधीच बोलून घे. बाजूने प्रकाश आला की प्रत्येक खुंटाची सावली पडते आणि एक मिलिमीटर दोनासारखा दिसतो. वरून आला तर जबड्याखाली काळोख. पांढरा केस तर हमखास चमकतो, तुझ्या हीरोच्या हनुवटीच्या डावीकडे पाच-सहा आहेत, त्याला माहीत नसेल तर तू सांगू नकोस.

आणि गळ्याची रेघ. इथे सगळे फसतात. गालावर खुंट आणि गळा स्वच्छ, गालफडावर आखून घेतल्यासारखी कड, म्हणजे या माणसाकडे रेझर होता, आरसा होता आणि दहा मिनिटं होती. मग तो तीन रात्री तळघरात लपला होता यावर कोण विश्वास ठेवेल? लपलेल्या माणसाचा गळा साफ करू नकोस. हीरो कुरकुरेल, कडक कॉलरने गळ्याला चुरचुरतं. चुरचुरू दे, मान अवघडून वागेल तेही सीनला चांगलंच. नकली खुंट करायची वेळ आली तर क्लोजअपला खरे केस अगदी बारीक कातरून, गोंदाचा पातळ थर देऊन ब्रशने टिपून लाव. खरखरीत स्पंजने रंगाचे ठिपके फक्त लांबच्या शॉटला.

हेही विचारून घे, की हीरोचं याच काळात दुसरं काही चालू आहे का. हेन्री कॅव्हिलने 'मिशन इम्पॉसिबल'साठी मिशी ठेवली होती, त्याच वेळी सुपरमॅनचं उरलेलं शूटिंग निघालं आणि मिशी काढायला परवानगी मिळाली नाही. शेवटी २०१७ च्या 'जस्टिस लीग'मध्ये ती कॉम्प्युटरवर पुसली. ओठ कसा दिसला ते जगाने पाहिलं. त्यांच्याकडे पैसे होते, तुझ्या निर्मात्याकडे नाहीत.

तुझ्या पटकथेपुरतं माझं मत असं. पहिली मेजवानी ते दगाफटका, घोटून दाढी, गालावर हात फिरवला तर सटकावा अशी. तळघरातल्या तीन रात्रींत खुंट येतील, ते येऊ देत. आणि शेवटच्या जेवणाला तो उसन्या सुटात पोचतो, तिथे निर्माता म्हणतोय तसे काढू नकोस. तळघर ते जेवण यात त्याला दाढी करायला वेळच नाही, मीच दोनदा पानं उलटून पाहिली. सूट बिनचूक, केस बसवलेले, आणि गालावर तीन दिवस. यजमानाची नजर क्षणभर गालावर थांबू दे, म्हणजे त्याला कळलं की हा कुठून आलाय. दिग्दर्शकाला तेवढा एक शॉट माग. लेखकाकडून तळघरात एक बेसिन माग, ज्यावर साबण आहे आणि रेझर नाही.

वेळापत्रकात ते जेवण पहिल्याच आठवड्यात लागलंय, हे आपलं नशीब. खुंट आधी, गुळगुळीत नंतर. उलटं असतं तर वाढ व्हायची वाट बघत युनिट बसवून ठेवावं लागलं असतं. शूटिंग मंगळवारी, म्हणजे हीरोची शेवटची दाढी शनिवारी सकाळी, तुझ्यासमोर. रविवारी त्याला कुठेतरी फोटोला जायचं असेल आणि तो सवयीने गळ्यावर ट्रिमर फिरवेल. शनिवारीच त्याच्या माणसाला सांगून ट्रिमर आपल्या पेटीत आणून ठेव. मंगळवारी पहिल्या शॉटआधी डावा, उजवा आणि हनुवटीखालचा फोटो मला पाठव, खिडकीच्या उजेडातला. डबलचे फोटो अजून आलेले नाहीत.

तुझी,
ताई